पिन लावली की दिवा विझतो

"मॅडम, याच्यात आता काही राहिलेलं नाही. भंगारात द्या आणि थोडे पैसे घालून दुसरा घ्या." काउंटरमागच्या मुलानं लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला, आमचाच चार्जर लावून बटण दाबलं, जरा वेळ थांबला आणि निकाल दिला. बोलण्यात उद्धटपणा नव्हता. उलट माझे पैसे वाचावेत अशाच सुरात तो सांगत होता. माझ्या मागं तीनचार जण उभे होते, कुणाच्या फोनची काच फुटलेली, कुणाला नुसतं कव्हर हवं होतं. मी लॅपटॉप पिशवीत ठेवला, चार्जरची वायर गुंडाळली आणि डोंबिवली स्टेशनच्या गर्दीतून घरी आले. कुकर लावला, मेथी निवडायला घेतली, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. तो मुलगा बरोबर असेलही, हे मला कळत होतं. लॅपटॉप २०१२ सालचा. यंत्राच्या हिशेबानं पुष्कळ वर्षं झाली. पण त्यानं मला काही विचारलंच नाही. कधी बंद पडला, त्याआधी चालत कसा होता, बंद पडला तेव्हा काय चाललं होतं, काही आवाज, काही वास? यातलं एक जरी विचारलं असतं तरी माझ्याकडं सांगण्यासारखं होतं. पुतणीनं मला फोनवर नेमकं तेच सांगितलं होतं आणि ते पुढं सांगायची वेळच आली नाही.

लॅपटॉप तिचाच. आटपाडी तालुक्यातल्या आमच्या गावातून ती रोज एसटीनं कॉलेजला जाते, बीसीए करते. डाळिंबाचे पैसे आले तेव्हा दादानं सांगलीला जाऊन तो बारा हजारांना घेतला. काळा, जाड, दणकट. मोठ्या ऑफिसांत एके काळी टेबलाटेबलावर असायचे त्यांतला. कंपन्या असे लॅपटॉप काही वर्षं वापरतात, मग लॉटनं विकून टाकतात. व्यापारी ते पुसूनपासून, कुठं रॅम वाढवून, कुठं हार्ड डिस्क बदलून पुन्हा बाजारात आणतात. याच्या पाठीवर ऑफिसच्या मालमत्तेचा स्टिकर खरवडून काढल्याची खूण आहे, तिथला चिकटपणा अजून बोटाला लागतो. झाकणाचा एक कोपरा उडालाय. काही बटणांवरची अक्षरं पुसट झालीत आणि स्पेसबारवर उजवा अंगठा पडायचा तिथं चकाकी आलीय. कुणीतरी वर्षानुवर्षं यावर रिपोर्ट टाइप केलेत, सुट्टीचे अर्ज केलेत, कदाचित राजीनामाही यावरच लिहिला असेल. मी स्वतः अशाच एका ऑफिसात बसते. आमच्या टेबलांवरचे लॅपटॉपही अधूनमधून बदलतात, जुने ट्रॉलीत रचून लिफ्टनं खाली नेतात. ते पुढं कुठं जातात, हा विचार पुतणीचा लॅपटॉप पाहिला तेव्हा मी पहिल्यांदा केला. त्यांतलाच एखादा कुठल्यातरी गावात, पत्र्याच्या खोलीत, डाळिंबाच्या क्रेटवर ठेवून चालत असेल.

बॅटरी मात्र घेतला तेव्हापासून नावालाच होती. चार्जर काढला की मिनिटभरात सगळं बंद. त्यामुळं वीज गेली की काम गेलं, आणि गावाकडं वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. पुतणी ओळीओळीला सेव्ह करायला शिकली. रात्री उशिरा विजेचा दाब बरा असतो म्हणून तेव्हाच अभ्यासाला बसायची. अशाच एका रात्री वीज गेली, आली, लगेच पुन्हा गेली, आणि परत आली तेव्हा लॅपटॉप उठला नाही.

"आत्या, बटण दाबलं तरी कायच हुईना. दिवा लागंना, पंखा फिरंना."

ऑफिसात लॅपटॉप बंद पडला की आयटीला फोन लावायचा, एवढीच आमची सवय. पण तिच्या गावात आयटी कुठून येणार? मग सगळीकडं जे उपाय सांगितले जातात ते आम्ही व्हिडिओ कॉलवर एकेक करून पाहिले. चार्जर काढायचा, बॅटरी काढायची आणि चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. ऐकायला हा तोडगा वाटतो, पण त्याला कारण आहे. वीज काढून घेतली तरी आतल्या बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज जराशी साठवणाऱ्या बारक्या भागांमध्ये, थोडा चार्ज उरतो. बटण, बॅटरी आणि चार्जिंग सांभाळणारी एक छोटी चिप असते, ती तेवढ्या चार्जवर अडकून बसू शकते. बटण दाबून धरलं की तो चार्ज निघून जातो आणि चिप नव्यानं कामाला लागते. पुष्कळ लॅपटॉप खरंच एवढ्यावर सुरू होतात. आमचा झाला नाही. मग तिनं मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बारका स्क्रूड्रायव्हर मागून आणला, मागचं झाकण काढलं, स्क्रू वाटीत जमा केले. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या कड्या बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरकी वर उठते. ती तशी टणकन उठल्यावर "मोडलं वाटतं!" म्हणून पुतणी केवढ्यांदा ओरडली, आणि मोडलं नव्हतं हे कळल्यावर तिच्या हाताला धीर आला. या जुन्या रॅमच्या पट्टीला खालच्या कडेला दोन्ही अंगांनी मिळून २०४ सोनेरी टोकं असतात. ती कळकट झाली की बोर्डशी नीट टेकत नाहीत. तिनं खोडरबरानं ती हलक्या हातानं घासली, कोरड्या फडक्यानं पुसली, आधी एक पट्टी लावून पाहिली, मग दुसरी. लॅपटॉप गप्पच. रॅमचा दोष असता तर निदान दिवा लागला असता, पंखा फिरला असता, फक्त पडदा काळा राहिला असता. दुरुस्तीवाले त्याला 'नो डिस्प्ले' म्हणतात. आमचा त्याच्या पुढचा, 'डेड'. हा फरक मला नंतर कळला.

मग ती म्हणाली, "आत्या, अजून एक सांगू का? चार्जर नुस्ता बोर्डात लावला की त्याच्यावरचा हिरवा दिवा लागतोय. पिन लॅपटॉपमदी खुपसली की इझतोय. पिन काढली की जरा वेळानं परत लागतोय." तिनं हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. दादाकडं मोटारीच्या कामासाठी ठेवलेला मीटर आहे, त्याची एक तार पिनच्या आत आणि दुसरी बाहेरच्या कडेला लावून तिनं चार्जरही तपासला होता. मोकळा असताना १९ व्होल्ट. "म्हंजी चार्जर बरा हाय. आत घातल्यावर त्येला कायतरी हुतंय."

हे ऐकता ऐकता मला जळक्या वॉर्निशचा वास आठवला.

आमच्या विहिरीवर तेव्हा पाच एचपीची मोटार होती. वीज तीन फेजांची. तिन्ही फेज धड असतील तर स्टार्टर दाबला की मोटार एका दमात वेग घ्यायची. पण कधी एक फेज गेलेली असायची आणि ते कुणाला कळायचं नाही. मग मोटार घुंऽऽ करत जागच्या जागी अडून राहायची, उरलेल्या दोन फेजांवर सगळा भार यायचा, आतली तांब्याची वेटोळी तापायची आणि वेळेत कुणी धावलं नाही तर जळायची. तो वास गोडसर असतो आणि घशात बसतो. विहिरीकडून तो आला की अण्णा, माझे वडील, जेवता जेवता ताटावरून उठायचे. उभं पीक, आठवड्यातून मिळणारी ठरावीक तासांची वीज, आणि आता मोटार नाही. आई काही बोलायची नाही, फक्त भाकरी झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मोटार गाडीत घालून तालुक्याला न्यायची. सुट्टी असली तर अण्णा मलाही घेऊन जात.

रिवायंडिंगचं ते दुकान म्हणजे एक लांबट, काळपट खोली. तांब्याच्या तारेची रिळं, इन्सुलेशनच्या कागदाचे पिवळट ताव, कोपऱ्यात वॉर्निशचा डबा आणि सगळ्यावर तेलाचा ओशटपणा. मिस्त्री मोटारीला लगेच हात लावत नसत. आधी अण्णांना बसवत आणि विचारत. आवाज कसा होता? फ्यूज उडाला का? त्याच्या आधी दोनचार दिवस पाणी कमी मारत होती का? हात लावला तर मोटारीच्या अंगाला झिणझिण्या येत होत्या का? अण्णा एकेक आठवून सांगत, मधेच मला विचारत, "तू हुतीस की गं तितं, घुं घुं करत हुती का न्हाई?" आणि दोन मोठी माणसं माझ्या उत्तरासाठी थांबत. मग मिस्त्री सिरीजचा बल्ब काढत. लाकडी फळीवर होल्डर, त्यात शंभराचा बल्ब आणि पुढं दोन मोकळी टोकं. त्या टोकांमध्ये काहीही लावलं तरी वीज बल्बातूनच जाणार, त्यामुळं समोर कितीही शॉर्ट असला तरी बल्ब जेवढी वाहू देईल तेवढीच वाहते; घराचा फ्यूज शाबूत राहतो आणि मिस्त्रीला उत्तर मिळतं. एक टोक वायंडिंगला, दुसरं मोटारीच्या बाहेरच्या अंगाला. बल्ब पेटला नाही तर बरं. पेटला की मिस्त्री मान हलवत, "बॉडी लागलीय," म्हणजे आतली तार मोटारीच्या अंगाला टेकलीय.

मग ते जळकी वेटोळी कापून काढत. कापताना एका खाचेतले आटे मोजत, तारेची जाडी गेजनं बघत आणि शाळेच्या वहीसारख्या एका वहीत ते आकडे लिहून ठेवत. जुनं तांबं तराजूत घालून त्याचे पैसे मजुरीतून वजा करत. मोटारीतलं लोखंड, अंग, पंखा, शाफ्ट सगळं धड असायचं; गेलेलं असायचं ते फक्त तांबं. त्या दुकानात 'नवी घ्या' हे मी कधी ऐकलं नाही. यात भावनेचा भाग थोडा. नवी घ्यायला कुणाकडं पैसे नसत, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. जे गेलंय तेवढंच शोधून तेवढंच बदलायचं, हे तिथं गृहीत होतं, आणि त्या शोधाची सुरुवात शेतकऱ्याच्या तोंडून व्हायची. मोटार बंद पडताना समोर तो होता, मिस्त्री नव्हते.

पुतणीच्या बोलण्यानं म्हणूनच मला धक्का बसला. चार्जर मोकळा असताना ठीक, पिन घातली की दिवा जातो, म्हणजे लॅपटॉपच्या आत वाट कुठंतरी थेट जुळलीय आणि चार्जर स्वतःला वाचवायला माघार घेतोय. सिरीजचा बल्ब शॉर्ट असेल तर पेटतो, हा दिवा विझतो, पण दोघं सांगतात एकच. आमच्या घरच्या तिसऱ्या पिढीतल्या मुलीनं, कुणी न शिकवता, ते पाहिलं होतं.

लॅपटॉप मुंबईला आला तो ट्रॅव्हल्सच्या गाडीतून, वहिनीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, बाजरीच्या पिठाच्या पिशवीला टेकून. उलगडला तेव्हा जाळीच्या फटींतून फुफाटा सांडला. पुढं त्या दुकानात काय झालं ते वर सांगितलंच. त्या रात्री मी दादाला फोन केला आणि म्हटलं, नवीनच घेऊन देते तिला. तो पलीकडं गप्प झाला. त्याचं गप्प बसणं मला ओळखू येतं. मी शिकले, नोकरीला लागले, मुंबईला आले. तो विहिरीपाशी राहिला. मी काही पाठवलं की तो नाही म्हणत नाही, पण ते त्याच्या मनात कुठंतरी मांडून ठेवलं जातं. "बगू की," तो म्हणाला, "आदी ह्यो तरी दाव कुणाला तरी." दुसरीकडं पुतणीचं प्रोजेक्ट द्यायची तारीख जवळ आली होती, ती जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीचा लॅपटॉप मागून काम करत होती. हा जुना लॅपटॉप दुरुस्तच करायचा असं माझ्या मनानं घेतलं, ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? मला अण्णांचं ते बाकड्यावर बसणं आठवत होतं. तिला फक्त चालणारा लॅपटॉप हवा होता. नवा मिळाला असता तर ती आनंदानं नाचली असती. याचं सरळ उत्तर मला आजही देता येत नाही.

ऑफिसातल्या एकानं लॅमिंग्टन रोडवरचा एक पत्ता दिला. शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. पाटी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग अशी आहे, पण वाट विचारताना सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. रेडिओचे सुटे भाग मिळायचे तेव्हापासून हा रस्ता या कामाचा. आता दुकानांच्या तोंडाशी चार्जरचे घोस लटकतात, आत सीसीटीव्हीचे कॅमेरे, केबलची भेंडोळी, काचेखाली बोटाच्या पेराएवढे भाग. मला जायचं होतं ते एका दुकानाच्या पोटमाळ्यावर. लोखंडी शिडी चढून डोकं वर काढलं तर आधी सोल्डरिंगच्या फ्लक्सचा राळेसारखा वास आला, मग टेबल दिसलं. उघड्या पाठीचे लॅपटॉप एकावर एक, प्रत्येकावर चिकटपट्टीनं नाव. मायक्रोस्कोपवर वाकलेले पन्नाशीचे एक गृहस्थ वर न बघता म्हणाले, "बसा ताई. आधी सांगा, बंद कसा पडला?"

मी सगळं सांगितलं. रात्रीची वीज, दोनदा गेलेली, बॅटरी नसणं, रॅम, १९ व्होल्ट. दिव्याचं सांगितल्यावर त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले. "पिन लावली की विझतो? हे कुणी बघितलं?" पुतणीनं, म्हटलं. "माझं अर्धं काम तिनं केलंय," ते म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचे बाकीचे बोर्ड बाजूला सारले.

त्यांच्याजवळ चार्जरऐवजी एक पॉवर सप्लाय होता, त्यावर दोन लाल आकडे, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. किती करंट जाऊ द्यायचा याची मर्यादा आधी बांधून ठेवता येते. १९ व्होल्ट लावून त्यांनी बोर्डला तार जोडली, तसा व्होल्टचा आकडा कोसळला आणि अँपिअरचा मर्यादेला जाऊन भिडला. मी फळीवरच्या बल्बकडं बघतेय असंच मला वाटलं. मग मीटरची टोकं जिथून वीज आत शिरते तिथं टेकवली, आणि मीटर सलग वाजत राहिला. "शॉर्ट आहे," ते म्हणाले, "पण चांगला शॉर्ट आहे." मला कळेना, शॉर्ट चांगला कसा? त्यांनी सांगितलं, पूर्ण शॉर्ट असला की तो लपत नाही, सापडतोच. अर्धवट असतो तो त्रास देतो. गरम झाल्यावर होतो, गार झाल्यावर जातो, गिऱ्हाइकाच्या घरी होतो आणि इथं टेबलावर होत नाही.

सापडला कसा, ते मी अगदी जवळून पाहिलं. त्यांनी व्होल्टचा आकडा उतरवून १ वर आणला, म्हणजे बाकीच्या चिपांना धक्का लागू नये. मग ब्रशनं बोर्डच्या त्या भागावर अल्कोहोल लावलं. पातळ, चकचकीत थर पसरला. तार जोडली. शॉर्ट झालेल्या जागेतून करंट वाहतो, ती जागा तापते, आणि तिथलं अल्कोहोल आधी उडतं. आम्ही दोघं वाकून बघत होतो. सगळं ओलं असताना एका इवल्याशा तपकिरी ठोकळ्याभोवती कोरडा ठिपका उमटला आणि पसरत गेला. सिरॅमिक कपॅसिटर, जेमतेम ३ मिलिमीटर लांब. त्याच्या पोटात धातूचे आणि सिरॅमिकचे अतिशय पातळ थर एकाआड एक असतात. बोर्ड वाकला, लॅपटॉप आपटला, किंवा कधी नुसता विजेचा झटका बसला की थराला तडा जातो आणि जे दोन धातू एकमेकांना कधी भेटू नयेत ते भेटतात. असे कपॅसिटर त्या एकाच वाटेवर शेजारी शेजारी बरेच जोडलेले असतात. त्यांतला एक शॉर्ट झाला की सगळी वाट ग्राउंडला, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेला, टेकते आणि अख्खा लॅपटॉप मेल्यासारखा पडतो. याला तडा केव्हा गेला असेल, मी विचारलं. झाकणाचा उडालेला कोपरा दाखवून ते म्हणाले, "हा पडलाय कधीतरी. तुमच्याकडं यायच्या आधीच. त्या रात्रीच्या विजेनं शेवट केला."

त्यांनी हॉट गननं तो ठोकळा गरम केला आणि चिमट्यानं उचलला. मीटर लावला, वाजला नाही. एका मेलेल्या बोर्डवरून तेवढ्याच क्षमतेचा दुसरा काढून त्या जागी बसवला. पुन्हा १९ व्होल्ट. अँपिअरचा आकडा शून्याच्या जरासा वर जाऊन थांबला. "आता बघा," म्हणत त्यांनी बटणाला चिमटा टेकवला. आकडा चढला, उतरला, पुन्हा चढला, स्थिर म्हणून होईना. "आकडा असा हलायला लागला की समजायचं, प्रोसेसर जागा झाला. डेड बोर्डचा आकडा एका जागी उभा राहतो." आत पंखा फिरला तेव्हा त्यानं आटपाडीची उरलीसुरली धूळ बाहेर फेकली. आठशे रुपये झाले. पंख्याचं आणि प्रोसेसरवरच्या वाळलेल्या पेस्टचं काम त्यांनी त्यातच केलं.

घरी आणून चालू केला तर नवीनच. इंटरनेट लागे, पण एकही पान उघडेना. जोडणी सुरक्षित नाही म्हणून ब्राउझर अडून बसला. खाली कोपऱ्यात तारीख होती जानेवारी २०१२. बोर्डवर घड्याळ चालू ठेवायला एक छोटा सेल असतो, सीआर २०३२, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. तो संपला की दर वेळी लॅपटॉप स्वतःच्या जन्मसालात उठतो आणि आजच्या सुरक्षिततेच्या प्रमाणपत्रांच्या तारखा त्याला जुळत नाहीत. लॅपटॉपमध्ये हा सेल दोन तारांसकट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, तसाच मागवून मी स्वतः बसवला. तेवढं उघडायचं धाडस आता मला आलं होतं.

पण खरा पेच पुढं होता. त्यात विंडोज १० होतं, आणि त्याचा सुरक्षेचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचे लागतात, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. आमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. म्हणजे कपॅसिटर बदलून जिवंत केलेला लॅपटॉप कागदावर पुन्हा बादच. याचा मला जास्त राग आला. पडदा चांगला, कीबोर्ड चांगला, सी आणि पायथनचे प्रोग्रॅम लिहायला ताकद पुरेशी, आणि तरी तो निकालात. मग ऑफिसातल्या त्याच सहकाऱ्याच्या मदतीनं त्यात विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे, हलकं आहे, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. पुतणीला दोनचार दिवस वेगळं वाटलं. मग तिनंच मला सांगितलं की कॉलेजच्या लॅबमध्ये जे काही शिकवतात ते सगळं यावर होतंय, एक सोडून. त्या एका प्रॅक्टिकलसाठी ती अजून लॅबच वापरते.

डोंबिवलीतल्या त्या मुलाबद्दल माझ्या मनात आता राग नाही. त्याला महिन्याचं टार्गेट असेल, दुकानाचं भाडं असेल. एका जुन्या लॅपटॉपवर तासभर घालवून आठशे रुपये घ्यायचे, आणि तेवढ्या वेळात दहा स्क्रीनगार्ड विकायचे, यात मालक काय सांगेल ते उघड आहे. पोटमाळ्यावरच्या गृहस्थांच्या हाताखाली शिकायला आता कुणी येत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू झालं. सुरुवातीच्या यादीत मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं, गाड्या आणि शेतीची अवजारं एकत्र आहेत. ती वाचताना मला बरं वाटलं. अण्णांची मोटार आणि मुलीचा लॅपटॉप हा एकच प्रश्न आहे, असं मानणारं कुणीतरी आहे. कंपन्यांनी सुटे भाग द्यावेत, माहिती द्यावी, हे हवंच. पण त्या भागांचं काय करायचं हे ठाऊक असलेले आणि गिऱ्हाइकाला आधी बसवून विचारणारे हातही लागतील, आणि ते कुठल्या पोर्टलवर तयार होणार?

पुतणीचं प्रोजेक्ट वेळेत गेलं. आता राहिलीय बॅटरी. मूळ बॅटरी या मॉडेलची मिळत नाही, मिळते ती दुसऱ्या बनावटीची. आतले सहा सेल बदलता येतात का, असं मी लॅमिंग्टनला विचारलं होतं. ते म्हणाले, येतात, पण वेल्डिंग नीट झालं नाही तर धोका, आणि काही बॅटऱ्यांची आतली चिप सेल काढले की कायमची कुलूप लावून घेते. त्यापेक्षा सहा महिन्यांची वॉरंटी असलेली तयार घ्या. मी मागवणार होते. दादाचा फोन आला. "बॅटरीचं मी बगतो," तो म्हणाला, "पुडल्या तोड्याला. तू मदी पडू नगंस." मी बरं म्हटलं, आणि त्याला बॅटरीच्या पाठीवरच्या नंबराचा फोटो पाठवला.